एक लिटरचा सिलिंडर

उन्हाळ्यात पुण्याच्या लकडी पुलावरून खाली पाहा, मुठेत पाणी दिसतं. खडकवासला धरणाचं पाणी तर तेव्हा कालव्यात जात असतं, मग नदीत येतं कुठून? बहुतेक आपल्याच मोऱ्यांतून आणि संडासांतून. वर्षातले बरेच महिने शहरातल्या नदीचा उगम म्हणजे नाले आणि मैलाशुद्धीकरण केंद्रांची आउटलेट.

केंद्रात पाणी शुद्ध करायचं ते किती, याचा हिशोब बादलीत मांडता येतो. कच्च्या मैलापाण्याचा बीओडी लिटरला साधारण 200 मिलिग्रॅम धरा. म्हणजे कुजताना ते तेवढा प्राणवायू मागणार. स्वच्छ नदीच्या लिटरभर पाण्यात तो असतो जेमतेम 8 मिलिग्रॅम. एक बादली मैला पंचवीस बादल्या नदीचा सगळा प्राणवायू खातो, आणि मासे त्याच्या कितीतरी आधीच गुदमरतात. तोच बीओडी 10 वर आणला, तर सव्वा बादलीत भागतं.

सुरुवातीच्या जाळ्या, आधी जाड आणि मग 6 मिलिमीटरची बारीक, केस, चिंध्या, सॅनिटरी पॅड अडवतात. त्यातून सुटलेली चिंधी पंपाच्या इम्पेलरला, म्हणजे फिरत्या पात्यांना गुंडाळली की पंप बसलाच. पुढे ग्रिट चेंबरमध्ये वाळू खाली बसते. खरं काम मात्र एरेशन टँकमधले जिवाणू करतात. त्यांना ब्लोअरने हवा द्यायची, पाण्यात विरघळलेला प्राणवायू 2 मिलिग्रॅमच्या आसपास ठेवायचा. केंद्राच्या विजेचा मोठा वाटा या ब्लोअरवरच जातो, आणि काटकसरीची कात्री चुकीने इथेच लागते.

जिवाणूंची तब्येत ओळखायला एक लिटरचा सिलिंडर पुरतो. टँकमधलं चॉकलेटी पाणी त्यात भरायचं, न हलवता तीस मिनिटं ठेवायचं. चांगला स्लज, म्हणजे जिवाणूंचा गाळ, पाचेक मिनिटांत गुठळ्या धरतो आणि वर नितळ पाणी सोडत खाली सरकतो. तीस मिनिटांनी स्लज 250 मिलिलिटरच्या रेघेवर थांबला आणि टँकमध्ये घन पदार्थ लिटरला 2,500 मिलिग्रॅम असले, तर निर्देशांक, म्हणजे एक ग्रॅम स्लज किती मिलिलिटर जागा घेतो तो आकडा, 100. उत्तम. तो 150 च्या वर चढू लागला की समजावं, तंतूंसारखे जिवाणू माजलेत. हवा कमी पडली, हॉटेलांचं तेल आलं किंवा मैला लाइनमध्ये सडून आला, की ते फोफावतात. मग स्लज कापसासारखा फुगतो आणि क्लॅरिफायरच्या, म्हणजे एरेशननंतर स्लज खाली बसवण्याच्या टाकीच्या, काठावरून थेट नदीत.

सिलिंडर लगेच रिकामा करू नका. आणखी तास-दोन तास ठेवल्यावर बसलेला स्लज बुडबुड्यांसह वर आला, तर दोष वेगळा: नायट्रेटमधून नायट्रोजन वायू सुटतोय. क्लॅरिफायरच्या तळाशी स्लज जास्त वेळ पडून राहतो, तो परत टँककडे नेण्याचा वेग वाढवायचा. दोन्ही वेळा क्लॅरिफायरमध्ये वर स्लजच दिसतो, पण इलाज वेगवेगळे; इथे घाईत हमखास चूक होते.

पावसाळ्याचं दुखणं निराळं. गच्चीचं आणि रस्त्याचं पाणी ड्रेनेजमध्ये शिरतं, प्रवाह अचानक वाढतो आणि जिवाणूच धुऊन जातात. पाऊस तासात थांबतो, जिवाणूंची फौज उभी राहायला काही आठवडेही लागू शकतात.

बीओडी उतरला म्हणजे जलपर्णी गेली, असंही नाही. तिचं खाद्य नायट्रोजन आणि फॉस्फरस. ते काढायला टँकमध्ये हवेविना ठेवलेले वेगळे टप्पे लागतात. साध्या केंद्रातून निघालेलं नितळ दिसणारं पाणीही मुळा-मुठेतून भीमेत आणि पुढे उजनीपर्यंत हे खाद्य पोचवतं.

आणि सगळं नीट चाललं तरी आउटलेटच्या खाली एखादा नाला न अडवता नदीत उतरत असेल, तर 10 बीओडीच्या नऊ बादल्यांत 200 ची एक कच्ची बादली मिसळते. सरासरी काढून बघा: 29.