अकरा साबण

घरपोच खरेदीच्या एका ॲपवर येणाऱ्या तक्रारींची छाननी करणे हे माझे काम आहे. एके दिवशी ७९ वर्षांच्या एका आजींचे प्रकरण माझ्याकडे आले. दोन साबण हवे असताना त्यांनी अकरा मागवले होते आणि अशी गफलत होण्याची ही तिसरी वेळ होती. फोन घेणाऱ्या सहकाऱ्याने ‘ग्राहक विसराळू’ असा शेरा मारून ठेवला होता. मुलाने तर त्यांचे खातेच बंद करण्याची विनंती केली होती. मला मात्र एक गोष्ट खटकली. अकरापैकी नऊ वेळा बटण दाबले गेले होते ते अवघ्या काही सेकंदांत. विसरणारा माणूस इतक्या घाईने विसरत नाही, असे मनात आले आणि त्यांची परवानगी घेऊन मी त्यांच्या घरी गेलो.

आजींची तयारी पाहून मीच ओशाळलो. वहीत पेन्सिलीने लिहिलेली यादी होती आणि प्रत्येक वस्तूपुढे ती घरात किती शिल्लक आहे याची नोंद होती. ‘नेहमी करता तसेच करा, मी मध्ये बोलणार नाही,’ असे सांगून मी बाजूला बसलो. त्यांनी साबण शोधला, अधिकच्या चिन्हावर बोट टेकवले. काहीच झाले नाही. वयाबरोबर त्वचा कोरडी होत जाते आणि बोटामुळे विद्युतभारात होणारा सूक्ष्म बदल टिपणाऱ्या पडद्याला असा स्पर्श कधी कधी कळतच नाही. त्यांनी बोट जिभेला लावून ओले केले (ही युक्ती त्यांनी स्वतःच शोधली होती) आणि पुन्हा दाबले. या वेळी स्पर्श पोचला, पण आकडा बदलायला आमच्या ॲपने क्षणभर वेळ घेतला, आणि बदललेला आकडा पांढऱ्यावर फिक्या राखाडी रंगात असल्यामुळे त्यांना तो दिसलाच नाही. म्हणून त्यांनी आणखी एकदा दाबले. बोटाला बारीक कंप असल्याने एका दाबण्याचे दोन होत होते. माझ्या डोळ्यांदेखत दोनाचे सात झाले.

‘बाळ,’ त्या म्हणाल्या, ‘दुकानात मी दोन म्हटलं की समोरचा माणूसही दोन म्हणतो, मग काढून देतो. हा तुमचा काहीच म्हणत नाही.’

परतल्यावर मी मोजमापे काढली. वेबच्या सुगम्यतेसाठीच्या ‘डब्ल्यूसीएजी’ मार्गदर्शक तत्त्वांच्या २०२३ मधील २.२ या आवृत्तीत बटणाची लांबी-रुंदी किमान २४ पिक्सेल असावी, असे म्हटले आहे. आमचे बटण नेमके तेवढेच होते, म्हणजे कागदावर उत्तीर्ण. याच तत्त्वांची अधिक कडक पायरी मात्र ४४ पिक्सेल सुचवते. साध्या मजकुरासाठी लागणारे ४.५ : १ हे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरकाचे प्रमाण तर आमच्या राखाडी आकड्याने गाठलेच नव्हते.

बैठकीत एकाने ‘हे ॲप मुळात त्या वयासाठी नाहीच’ असे म्हटले, तेव्हा मला राहवले नाही. ब्रिटिश संशोधक मायकेल ऑल्ड्रिच यांनी १९७९ मध्ये दूरचित्रवाणी संच टेलिफोनच्या तारेने संगणकाला जोडून खरेदीची पद्धत मांडली, आणि १९८४ मध्ये इंग्लंडमधील गेट्सहेड येथे घरबसल्या तशी मागणी नोंदवणाऱ्या जेन स्नोबॉल ७२ वर्षांच्या होत्या. वृद्धांना आणि घराबाहेर पडणे अवघड असणाऱ्यांना सोय व्हावी म्हणूनच तो प्रयोग झाला होता. हे ऐकून चर्चा पिक्सेलवर आली.

बदल तसे किरकोळच होते. बटण मोठे झाले, आकडा ठळक काळा झाला, लागोपाठचे दोन निसटते स्पर्श एकच धरले जाऊ लागले आणि हवे असल्यास फोन आकडा मोठ्याने म्हणू लागला. चाचणीसाठी पुन्हा आजींकडे गेलो. त्यांनी बटण दाबताच फोन ‘दोन’ म्हणाला. ‘हं, दोन,’ असे त्याला उत्तर देऊन त्यांनी वहीत खूण केली आणि त्या पुढच्या वस्तूकडे वळल्या.

कार्यालयात आल्यावर मी तो जुना शेरा खोडला आणि कारणाच्या रकान्यात ‘बटण उशिरा प्रतिसाद देते’ असे लिहिले.