आमची वाटचाल : ९५ म्हणजे ९५

बेस गिटारच्या स्पीकर-पेट्यांचा आमचा पुण्यातला कारखाना दोघांनी मिळून उभा केला. एक इलेक्ट्रॉनिक्सवाला, दुसरा फर्निचरच्या कामात मुरलेला मिस्त्री. मिस्त्रींची अट एकच होती : सांध्यातून हवा जाता कामा नये. १८ मिमीचा मरीन प्लाय, आतून आडवे-उभे आधार, ड्रायव्हर (म्हणजे आतला स्पीकर) लाकडी स्क्रूऐवजी टी-नटवर, म्हणजे लाकडात बसवलेल्या धातूच्या आट्यांच्या नटवर, कसलेला. पेटी जुळली की हळू आवाजात २५ हर्ट्झचा सूर सोडायचा आणि पेटती उदबत्ती प्रत्येक सांध्यालगत फिरवायची. धूर थरथरला, तिथे गळती. आजही या तपासणीशिवाय एकही पेटी बाहेर जात नाही.

पहिली काही वर्षे ऑर्केस्ट्रावाले आणि गोव्यातले बँड यांच्या जिवावर नीट चालली. सांगण्यासारखे आहे ते पुढचे.

आमच्या दोन-दहाच्या, म्हणजे दहा इंची दोन स्पीकरच्या, पेटीच्या कागदावर संवेदनशीलता (ठरावीक शक्तीला ठरावीक अंतरावर किती आवाज मिळतो ते) ९५ डेसिबल छापलेली होती : १ वॉट, १ मीटर, १०० ते १००० हर्ट्झची सरासरी. मग बाजारात दुसऱ्या एका कारखान्याची दोन-दहा आली. ड्रायव्हर त्याच जातीचे, पेटी आमच्या ७० लिटरच्या जागी ४५ लिटरची, आणि कागदावर १०२. सात डेसिबल जास्त म्हणजे जवळजवळ पाचपट वॉटचा फायदा. असा आकडा दिसल्यावर गिऱ्हाईक आमच्याकडे कशाला थांबेल? दुकानांनी माल परत पाठवला, गणपतीच्या हंगामाच्या ऑर्डरी गेल्या, प्लायवाल्याची उधारी थकली आणि लाकूड कोरायचे राऊटर यंत्र विकायला काढण्याची पाळी आली. ९५ खोडून १०३ लिहा, असा सल्ला देणारेही भेटले. आम्ही लिहिला नाही.

तो १०२ आला कुठून? आम्ही ती पेटी विकत आणून मोजली. ती होती ४ ओहमची (ओहम म्हणजे विजेला होणारा रोध) आणि मोजणी केलेली २.८३ व्होल्टवर. ८ ओहममध्ये २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॉट, ४ ओहममध्ये तेच २ वॉट होतात. ३ डेसिबल इथेच फुकटात मिळाले. ४ ओहमची पेटी १ वॉटवर मोजायची तर २ व्होल्टच द्यायला हवेत. उरलेले ४ डेसिबल २ किलोहर्ट्झच्या उंचवट्याचे. दहा इंची कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा, त्या पट्ट्यात वाकू लागतो, आवाजाचा आलेख वर उसळतो आणि छापणारा तेवढेच टोक उचलतो. तिथे बोटांचा खटका ऐकू येतो, बेस नाही.

मडगावचे एक पाच-तारी वादक मात्र आमच्याकडून हलले नाहीत. फेस्त, लग्ने, तिआत्र (कोकणी संगीत-नाटक), सगळीकडे आमच्याच पेट्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला : ६० हर्ट्झला कोण किती? मोकळ्या मैदानात पेटी जमिनीवर आडवी ठेवली, माइक २ मीटरवर जमिनीलाच टेकवला. अंतर दुप्पट झाल्याने ६ डेसिबल जातात, जमिनीमुळे ६ परत मिळतात, म्हणून वाचन थेट १ मीटरचे धरता येते. भिंत जवळ नको आणि वारा पडलेला हवा, एवढे पथ्य पाळले की झाले. ६० हर्ट्झला १ वॉटवर आमची पेटी ९०, ती ८६. ४ डेसिबल म्हणजे अडीचपट वॉट : आमच्या पेटीला जिथे ३०० पुरतात, तिथे तिला ७५० हवेत. एवढी शक्ती ओतली की कोन आपल्या मर्यादेपलीकडे जातो आणि आवाज फाटतो.

यात जादू नाही, हॉफमनचा नियम आहे : लहान पेटी, खोल बेस, जास्त संवेदनशीलता, यांतल्या दोनच गोष्टी मिळतात. अँपेग या अमेरिकी कंपनीची प्रसिद्ध आठ-दहाची पेटी बघा. एसव्हीटी-८१०ईच्या कागदावर १०० डेसिबल आहेत, पण ३ डेसिबलची घसरण ५८ हर्ट्झलाच दिलेली आहे, म्हणजे त्याखाली आवाज उतरत जातो. तरीही ती स्टेज हलवते, कारण खालच्या ई तारेचा मूळ सूर ४१ हर्ट्झचा असला तरी कानात भरतो तो मुख्यतः ८२ चा, म्हणजे दुप्पट कंपनांचा, उपस्वर. म्हणून आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो, ४१ च्या मागे धावू नका, ६० ते १०० चा पट्टा तपासा.

आणखी एक. दुकानात दोन पेट्या ऐकताना अँपचे (अँप्लिफायरचे) आवाजाचे बटण एकाच जागी ठेवून निकाल देऊ नका. ४ ओहमची पेटी अँपमधून जास्त वॉट ओढते आणि उगाच जिंकते. ओहम सारखे असू द्या, दोन्ही पेट्या एकाच जागेवर आळीपाळीने ठेवा, कोपरा टाळा, टोन सपाट ठेवा आणि दहा-बारा मीटर मागे जाऊन ऐका. कागदावरच्या 'कमाल डेसिबल'वरही विसंबू नका. ९५ मध्ये ४०० वॉटचे २६ मिळवून १२१ लिहितात, पण तापलेल्या व्हॉइस कॉइलचा (कोन हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा) रोध वाढतो आणि पूर्ण शक्तीवर ३ डेसिबल तर सहज गळतात. मोठा आवाज हवा असेल तर अँप बदलण्याआधी तशीच दुसरी पेटी जोडा. ८ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्या की ४ ओहम होतात आणि खालच्या सुरांत ६ डेसिबलपर्यंत मिळतात. फक्त अँप ४ ओहम पेलणारा आहे ना, ते आधी पाहा.

मडगावकरांनी ते आकडे आपल्या वादक मित्रांना दाखवले आणि गोव्यातून ऑर्डरी परत सुरू झाल्या. प्लायवाल्याची उधारी फिटली. त्या दुसऱ्या कारखान्याच्या कागदावर आजही १०२ आहे, आणि ते आम्हाला आजही खुपते. आमच्या प्रत्येक पेटीच्या मागे आता तीन आकडे कोरलेले असतात : सरासरी, ६० हर्ट्झचा आणि मोजताना दिलेले व्होल्ट.