गोल्फच्या हिरवळीला पाण्यातून खत

द्राक्षबागेत ठिबकमधून खत देणाऱ्याला व्हेंच्युरी (वाहत्या पाण्यात खत ओढून घेणारी नळी) नवी नाही. गोल्फ कोर्सवर मात्र खत तुषारांतून जातं, म्हणून पाणी असमान तर खतही असमान. आधी सारख्या तोंडाचे डबे मांडून पंधरा मिनिटं तुषार चालवा आणि पाणी मोजा. डब्या-डब्यांत मोठी तफावत असेल तर नोझल आणि दाब दुरुस्त होईपर्यंत खताला हात लावू नका. गवतावर हिरवे-पिवळे पट्टे उमटतात ते इथूनच.

बर्म्युडा गवताच्या एक हेक्टर फेअरवेला (चेंडू मारत पुढे नेण्याचा लांब गवती पट्टा) एका वेळी ५ किलो नत्र, म्हणजे सुमारे ११ किलो युरिया, ५० लिटर पाण्यात. विरघळताना द्रावण थंडगार पडतं, त्यामुळे घाई नको. मग गाळून टाकीत.

आधी नुसतं पाणी, मग खत, शेवटी पुन्हा नुसतं पाणी. शेवटचा टप्पा चुकवला तर पात्यांवर खताचे क्षार राहून टोकं करपतात.

कॅल्शियम नायट्रेट आणि १२:६१:०० (मोनो अमोनियम फॉस्फेट, स्फुरदाचं विद्राव्य खत) एका टाकीत कधीच नाही. साका बसतो, नोझल तुंबतात. शंका असेल तर बरणीत मिसळून तासभर ठेवा.

उलटा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह नसेल तर पंप बंद पडताच खत विहिरीत उतरू शकतं.