जस्ती बादली, मोरचूद आणि वजा ०.७६

परवा पुतण्याचा फोन आला, बारावीला आहे तो. म्हणे, काका ते क्षपण विभवाचं टेबल, म्हणजे कोण इलेक्ट्रॉन किती जोरानं ओढतो त्याचे व्होल्टमधले आकडे, पाठच करायचं का हो? म्हटलं पाठ कशाला करतोस, तुझ्या आजोबांनी मला एका बादलीपायी कसा सोलला होता ते ऐक.

आमची द्राक्षबाग निफाडकडची. पावसाळी हवेत डाऊनी (पानांवरचा बुरशीचा रोग) येऊ नये म्हणून बोर्डो हे बुरशीनाशक मारायचं, १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी. मोरचूद प्लास्टिकच्या ड्रममध्येच भिजवायचा हा घरचा नियम, पण एकदा ड्रम रिकामा नव्हता म्हणून मी रात्री तो जस्ती बादलीत भिजत घातला आणि झोपलो. सकाळी बघतो तर निळा रंग फिका पडलेला, तळाला काळपट तांबूस गाळ, आणि पुढे काही दिवसांत बादली बुडातून गळायला लागली. मोरचूद वाया, बादली वाया, वर दादांची, म्हणजे तुझ्या आजोबांची, बोलणी.

आता टेबल बघ. हायड्रोजनला शून्य धरून तांब्याचं प्रमाण क्षपण विभव अधिक ०.३४ व्होल्ट, लोखंडाचं वजा ०.४४, जस्ताचं वजा ०.७६. ज्याचा आकडा वर तो इलेक्ट्रॉन ओढून घेतो, ज्याचा खाली तो देऊन बसतो, बास. म्हणजे मोरचुदातून पाण्यात आलेले कॉपर आयन (इलेक्ट्रॉन गमावलेले तांब्याचे अणू) जस्ताकडून इलेक्ट्रॉन घेऊन तांबं होऊन खाली बसले आणि बादलीवरचं जस्त विरघळून पाण्यात गेलं. घेणाऱ्यातून देणारा वजा कर, ०.३४ वजा (वजा ०.७६), आलं १.१० व्होल्ट. उत्तर अधिक, म्हणजे आपोआप होणार. जस्त संपलं की खालच्या लोखंडाची पाळी, तिथेही ०.७८ येतात. हेच तांब्याच्या घंगाळात भिजवलं असतं तर काही झालं नसतं, तांब्यानं तांब्याला काय द्यायचं!

पुतण्या म्हणाला, पण टेबल तर १ मोलर (लिटरमागे १ मोल) द्रावणाचं असतं ना. बरोबर आहे, आणि बोर्डोच्या हिशोबात मोरचूद साधारण ०.०४ मोलर भरतो, पण त्यानं तांब्याचा आकडा ०.३४ वरून जेमतेम ०.३० वर येतो, निकाल काही बदलत नाही. खरा फरक चुन्यानं पडतो. दादा तयार बोर्डोत विळा बुडवून बघायचे, पात्यावर तांबूस थर चढला की म्हणायचे अजून चुना टाक. चुना पुरेसा असला की तांबं हायड्रॉक्साइड होऊन साक्याच्या रूपात बसतं, मोकळे कॉपर आयन जवळजवळ उरतच नाहीत, मग विळ्याचे इलेक्ट्रॉन घेणार कोण? आणि हेच मोकळे आयन पानं जाळतात, म्हणून ती विळ्याची परीक्षा.

मग त्यानं स्वतः एक गणित सोडवून पाठवलं, ॲल्युमिनियम आणि तांब्याचं, आणि समीकरण जुळवताना विभवालाही ३ नं आणि २ नं गुणून मोकळा झाला. ही चूक तर सगळेच करतात, मीही केलीये. अरे, व्होल्ट म्हणजे टाकीची उंची, खालून एक बादली भरली काय आणि तीन भरल्या काय, टाकी तेवढ्याच उंचीवर राहते. गुणायचे ते फक्त इलेक्ट्रॉन. तेव्हा सरळ ०.३४ वजा (वजा १.६६), २.०० व्होल्ट.

२.०० म्हणजे जस्तापेक्षा कितीतरी जोरात व्हायला पाहिजे ना, म्हणून पठ्ठ्यानं काचेच्या ग्लासात मोरचुदाचं पाणी करून त्यात जेवणाच्या डब्यातली फॉइल टाकली. अर्धा तास ढिम्म. रात्री मला फोन, काका टेबल चुकलंय. टेबल नाही रे चुकलं, ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ घट्ट पापुद्रा असतो, तो आयनांना आत येऊच देत नाही. आणि टेबल फक्त होईल की नाही एवढंच सांगतं, कधी होईल ते त्याला विचारूच नये. म्हटलं चिमूटभर मीठ टाक. क्लोराइडनं पापुद्रा फुटला आणि पाच-दहा मिनिटांत फॉइलच्या चिंध्या, तांबडा गाळ, बुडबुडे, ग्लास गरम.

वहिनींचा मेसेज आलाय, तो ग्लास आता फेकायचा का म्हणून.