न्यूमेरिकल रिलेचे अलार्म ठरवताना : माझा अनुभव

गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्याच्या ३३/११ केव्ही उपकेंद्रात जुने इलेक्ट्रोमेकॅनिकल रिले (दोष ओळखून ब्रेकरला, म्हणजे वीज तोडणाऱ्या स्विचला, उघडण्याचा आदेश देणारी उपकरणे) काढून मायक्रोप्रोसेसरवर चालणारे न्यूमेरिकल रिले बसवले गेले, तेव्हा ट्रिपची, म्हणजे ब्रेकर उघडण्याची, सेटिंग्ज सल्लागाराच्या अहवालातून तयार मिळाली. अलार्म मात्र साइटवरच ठरवायचे होते. पुरवठादाराच्या मूळ फाइलमध्ये उपलब्ध संदेशांपैकी बहुतेक सगळे कंट्रोल रूमच्या पडद्याला जोडलेले असल्यामुळे ब्रेकर नुसता उघडला तरी ओळींची रांग लागत असे. रात्रपाळीच्या ऑपरेटरने मला सरळच सांगितले, "साहेब, पावसात हे लाइट लागतातच, मी आधी ब्रेकर बघतो." त्यामुळे ज्यावर त्याला काही करता येईल तेवढेच अलार्म वाजू द्यायचे आणि उरलेले संदेश घटना-नोंदीत ठेवायचे, असे मी ठरवले.

पहिला प्रश्न कमी व्होल्टेजचा होता. पावसाळ्यात ओव्हरहेड लाइनवर फांदी घासली किंवा शेजारच्या फीडरवर दोष आला की व्होल्टेज क्षणभर खाली जाते आणि लगेच सावरते. पीटीच्या (मोजण्यासाठी व्होल्टेज कमी करून देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या) ११० व्होल्ट दुय्यम बाजूवर ९३.५ व्होल्टला, म्हणजे ८५ टक्क्यांना, पाच सेकंदांच्या विलंबाने अलार्म ठेवला आणि तो ९८ व्होल्टच्या वर गेल्यावरच सुटेल असे केले, म्हणजे सीमेवर रेंगाळणाऱ्या व्होल्टेजमुळे तो चालू-बंद होत राहणार नाही. पीटीचा फ्यूज उडाल्यास किंवा इनकमर (येणाऱ्या पुरवठ्याचा ब्रेकर) उघडा असल्यास हा अलार्म अडवला जातो. फ्यूजसाठी स्वतंत्र अलार्म आहे.

ट्रिप सर्किट सुपरव्हिजन, म्हणजे ट्रिपच्या मंडलावरची देखरेख, हा माझ्या मते सर्वांत मोलाचा अलार्म, कारण ट्रिप कॉइल (ब्रेकर उघडणारी गुंडाळी) तुटलेली असेल तर रिलेने दोष अचूक ओळखूनही ब्रेकर उघडत नाही. ही देखरेख रिलेच्या एकाच बायनरी इनपुटने (व्होल्टेज आहे की नाही एवढेच ओळखणाऱ्या जोडणीने) करताना रिलेचा ट्रिप संपर्क बंद होताच त्या इनपुटवरचे व्होल्टेज नाहीसे होते. म्हणून विलंब ट्रिप आदेशाच्या कालावधीपेक्षा जास्त ठेवावा लागला, नाहीतर प्रत्येक ट्रिपबरोबर खोटा अलार्म आला असता. ब्रेकर उघडा असतानाही कॉइलची देखरेख चालू राहावी यासाठी ब्रेकर उघडा असताना बंद असणाऱ्या '५२बी' सहायक संपर्कातून रेझिस्टरमार्गे वाट दिली.

बुखोल्झच्या (ट्रान्सफॉर्मरच्या तेलातून येऊन साचणारा वायू ओळखणाऱ्या रिलेच्या) अलार्मला सर्वांत जास्त वेळ लागला. बाहेरच्या मार्शलिंग बॉक्समध्ये (ट्रान्सफॉर्मरच्या तारा एकत्र जोडण्याच्या पेटीत) गोव्याची दमट, खारी हवा शिरते, आणि इनपुटच्या तारेला अर्थ लागला, म्हणजे ती जमिनीशी जोडली गेली, तर ११० व्होल्ट डीसीपैकी साधारण निम्मे, म्हणजे ५५ व्होल्ट, त्या इनपुटवर दिसू शकतात. इनपुटची उंबरठा-पातळी कमी असेल, तर ट्रान्सफॉर्मरमध्ये वायू साचलेला नसतानाही अलार्म येतो. आमच्या रिलेत ही पातळी निवडता येत असल्यामुळे मी ती ८८ व्होल्टवर नेली, आणि त्याआधी बॅटरी उतरत्या अवस्थेतही याच्या वर राहते याची खात्री करून घेतली. बॉक्समधले बंद पडलेले हीटर बदलणे हेही याच कामाचा भाग धरले. सेटिंगने ओल सुकत नाही.

बंद पडलेला रिले स्वतःच्या बिघाडाचा निरोप धाडू शकत नाही. त्यासाठी वॉचडॉगचा संपर्क असतो : रिले ठीक असताना उघडा धरलेला आणि रिले किंवा त्याचा डीसी पुरवठा गेला की आपोआप बंद होणारा. तो वेगळ्या डीसी फीडरवरच्या अॅन्युन्सिएटरला (इशारे दाखवणाऱ्या फलकाला) जोडला, कारण दोघांचा पुरवठा एकच असता तर दोघेही एकदमच मुके झाले असते.

एलईडीवर फारसा वाद झाला नाही. ट्रिपचे दिवे रीसेट करेपर्यंत लागून राहतात, तर कमी व्होल्टेजसारख्या अलार्मचे दिवे कारण गेल्यावर आपोआप विझतात.

चाचणीच्या वेळी व्होल्टेजचे अलार्म सेकंडरी इंजेक्शन किटने (रिलेला चाचणीचे व्होल्टेज देणाऱ्या उपकरणाने) थेट कंट्रोल रूमच्या पडद्यापर्यंत तपासले, वॉचडॉगसाठी रिलेचा डीसी फ्यूज काढून पाहिला, आणि बुखोल्झसाठी टर्मिनलवर तार टेकवण्याचा सोपा मार्ग न घेता ट्रान्सफॉर्मर बंद करून चाचणी-बटणाने त्याच्या आतला फ्लोटच (तरंगता भाग) हलवला, म्हणजे मार्शलिंग बॉक्सपर्यंतची केबलही त्याच फेरीत तपासली गेली.