नवसागर पिशवीत टिकेना : जळत्या कोळसा ढिगावरचा माझा अनुभव

प्रोजेक्टसाठी मला खाणीबाहेरच्या टाकाऊ कोळसा आणि शेल (चिखलापासून झालेला पापुद्र्यांचा खडक) यांच्या ढिगावरून गॅस आणि खनिजांचे सॅम्पल आणायचे होते, वाटलं एक दिवसाचं काम, झाले दोन महिने.

हा ढीग सहसा कुणी पेटवलेला नसतो. आतल्या पायराइटला (लोखंड-गंधकाचं खनिज) आणि उरलेल्या कोळशाला हवा-पाणी लागलं की ऑक्सिडेशन होतं, उष्णता बाहेर पडायला वाट नसते, मग आतल्या आत तापत जातं. वरून नुसता राखाडी उतार दिसतो आणि मधेच एखाद्या भेगेतून वाफ. पाय ठेवायच्या आधी काठीने ठोकून बघायचं, कारण खाली जळून पोकळी झालेली असू शकते.

पहिल्या दिवशी मी भेगेजवळ वाकले आणि गळ्यातला गॅस मीटर किंचाळला. कार्बन मोनॉक्साइड! त्याला ना वास ना रंग, मला काहीच जाणवलं नव्हतं. सर मागून ओरडले, "अगं वारा पाठीवर घे, तोंडावर काय घेतेस!" हायड्रोजन सल्फाइडचा तर वेगळाच दगा, थोडा असेल तर सडक्या अंड्याचा वास येतो पण जास्त झाला की नाकच बधिर होतं, म्हणजे वास गेला म्हणून खूश व्हायचं नाही. तेव्हापासून नाकावर भरवसा शून्य, मीटर आणि वारा बस.

पण भेगेचं तोंड मात्र बघत राहावं असं. काठाला पिवळ्याधमक गंधकाच्या सुया आणि शेजारी पांढरी नाजूक पिसं. ती पिसं म्हणजे नवसागर, कल्हईला लागतो तोच. आतून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड वायूरूपात वर येतात आणि तोंडाशी थंड झाले की एकत्र होऊन थेट स्फटिक, मधे पातळ अवस्थाच नाही. मी चिमट्याने अलगद काढून प्लास्टिकच्या पिशवीत भरली, लेबल लावलं, फोटो काढले. संध्याकाळी लॅबमध्ये पिशवी उघडली तर तळाला ओलसर चिखल. पिसं गायब. दिवसभर उन्हात घाम गाळून आणलेलं ते! हवेतला ओलावा पिऊन सगळं विरघळलं होतं.

दुसऱ्या खेपेला काचेच्या बाटल्या, घट्ट झाकण, आत ओलावा शोषणारं सिलिका जेल, आणि भरल्या भरल्या सील. तरी एक गंमत झालीच. भेगेजवळचा गरम पांढरा पापुद्रा दोन बाटल्यांत भरला, त्यातली एक नीट बंद झाली नव्हती. बंद बाटलीतल्या पावडरचा एक्सआरडी (क्ष-किरणांनी खनिज ओळखायची चाचणी) काढला तर गोडोविकोवाइट आला, म्हणजे पाणी नसलेलं अमोनियम-अॅल्युमिनियम सल्फेट, आणि सैल झाकणवालीत चेर्मिगाइट, म्हणजे त्याचंच पाणी शोषलेलं रूप, साध्या भाषेत अमोनियम तुरटी. एकाच पापुद्र्याचे दोन तुकडे, फरक फक्त झाकणाचा! गोडोविकोवाइट पहिल्यांदा ओळखला गेला तोही रशियात चेल्याबिन्स्कच्या जळत्या ढिगांवरच. गंमत म्हणजे अशा ढिगांवर नवं काही सापडलं तर आता त्याला सहसा खनिज मानत नाहीत, कारण ढीग माणसाने केलेला.

शेवटच्या फेरीआधी रात्रभर पाऊस पडला. भेग धुऊन स्वच्छ, एक कण नाही, मी हिरमुसून परत आले. चार दिवसांनी गेले तर त्याच काठावर कोवळी पांढरी पिसं. या वेळी बाटली आधीच उघडून हातात धरली होती.