बॉसबानच्या काठावर

ॲमस्टरडॅमला गेलेला माणूस म्युझियमं आणि कालवे बघतो. मी भाड्याची सायकल काढली आणि थेट बॉसबान गाठलं. रिओ ऑलिंपिकच्या नावा वल्हवण्याच्या शर्यतींत चांदवडकडचा आपला दत्तू भोकनळ तेरावा आला, तेव्हापासून रोइंगचं वेड लागलंय, त्याला इलाज नाही.

बॉसबान म्हणजे जंगलात खणलेला २,२०० मीटरचा सरळसोट जलमार्ग. १९३० च्या दशकातल्या मंदीत बेकारांच्या हाताला काम म्हणून हे जंगल लावलं आणि हा मार्ग खणला. शिफोल विमानतळ जवळच, त्यामुळे डोक्यावरून सारखी विमानं.

काठाच्या रस्त्यावर प्रशिक्षक सायकल हाणत होते, एका हाती हँडल, दुसऱ्या हाती भोंगा, आणि लक्ष सगळं पाण्याकडे. एक मुलगी एकटीच सराव करत गेली. बसायची पाटी रुळांवरून मागेपुढे सरकते, जोर येतो तो पायांतून. हात शेवटी येतात. वल्ही पाण्याबाहेर आली की पाती आडवी होतात आणि मागे पाण्यावर भोवऱ्यांच्या जोड्या उरतात.

मला आठवत होता डच वल्हेकरी रोनाल्ड फ्लोरैन. १९८८ ला सोल ऑलिंपिकमध्ये निको रिंक्सबरोबर डबल स्कल्सचं सुवर्ण. तिथे दोघंच, प्रत्येकाच्या हाती दोन वल्ही. १९९६ ला अटलांटात हीच जोडी आठ जणांच्या नावेत बसली, प्रत्येकी एकच वल्हं आणि सुकाणूवाला वेगळा. जर्मनांना मागे टाकून पुन्हा सुवर्ण! माझ्या मते हे दुसरं पदक जास्त मोलाचं. दोघांच्या नावेतल्या राजाने आठातला एक होणं सोपं नसतं.

रोनाल्डची लेक कारोलीन नेमकी उलट्या वाटेने गेली. टोकियोत चौघींच्या नावेत रौप्य, मग एकटीची नाव. २०२२ आणि २०२३ ला जगज्जेती, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये न्यूझीलंडच्या एमा ट्विगला हरवून सुवर्ण. तिचा भाऊ फिन टोकियोत एकटाच उतरला होता, पण पहिल्या फेरीनंतर कोविड निघाला आणि खेळ आटोपला. पॅरिसला तो चौघांच्या नावेत होता. बहिणीच्या तीन दिवस आधी त्याने सुवर्ण जिंकून ठेवलं होतं.